धाकट्याने आधी बोलायचं

हेमांगी गेल्याचं तिच्या नवऱ्याने, मनीषने, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मायक्रोस्कोपखाली आंबिवलीच्या एका बाईंची स्लाइड होती. "सकाळीच गेली रे," एवढंच तो बोलला. मी फोन ठेवला आणि पुन्हा आयपीसला डोळे लावले. स्लाइड पूर्ण पाहिली, रिपोर्ट लिहिला, मगच उठलो. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. पण स्लाइड अर्धवट टाकून मी कल्याणहून ठाण्याला धावत सुटलो असतो, तर हेमांगीने तिरडीवरून उठून मला झापलं असतं... तिला ओळखणाऱ्या कुणालाही हे पटेल.

आमची ओळख ठाण्यात, कॉलेजच्या हॉस्पिटलात झाली. पॅथॉलॉजीच्या एमडीला मी पहिल्या वर्षाला होतो, ती दुसऱ्याला. मी डोंबिवलीहून तोंड पाडून आलो होतो. मला मेडिसिन हवं होतं, मार्क कमी पडले. 'तो डॉक्टरच आहे, पण औषध देत नाही,' असं आई शेजारणीला समजावत होती, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हेमांगीने मात्र ही शाखा मागून घेतली होती. ती बाळकुमच्या कोळ्यांच्या घरातली, आई बाजारात मासळी विकायची. 'मला पेशंटशी गोड बोलता येत नाही, म्हणून इकडे आले,' असं ती सगळ्यांना सांगायची आणि हे धडधडीत खोटं होतं. बाळकुमची अर्धी माणसं रिपोर्टचे कागद घेऊन तिच्याच दारात उभी असायची आणि ती प्रत्येकाला ओटीवर बसवून समजावायची.

ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव आमच्या टेबलावर यायचा. तो मोजायचा, कापायचा आणि तपासणीसाठी नेमके तुकडे निवडायचे, याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो. अवयव टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत, नाक गळत असे. पहिल्याच दिवशी मी सुरी घेऊन सरसावलो, तर हेमांगीने माझं मनगट धरलं. "घाई काय आहे? आधी हात फिरव. कुठे कडक लागतंय, कुठे मऊ, ते बोटांना कळू दे. सुरी नंतर." मग म्हणाली, "आणि एका झटक्यात काप रे. आईने बघितलं ना, तर पापलेटचा खिमा केलास म्हणेल." त्याच दुपारी तिने डब्यातले तळलेले बोंबील माझ्यापुढे सरकवले. मी हाताचा वास घेऊन मागे सरलो. आठवडाभरात मात्र तिच्या डब्यावर माझाच डोळा असायचा. तिच्या आईला ते कळलं आणि डब्यात माझ्या वाटणीचे वेगळे बोंबील येऊ लागले. एकदा घरी गेलो तर त्या माऊलीने "काय रे पोरा, जेवलास का नाय?" म्हणत, उत्तराची वाट न बघता ताट वाढलं.

पण हेमांगीची खरी देणगी म्हणजे तिचा नियम. दोघांना एकच स्लाइड एकाच वेळी बघता यावी म्हणून आमच्याकडे दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप होता. एका बाजूला मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, दुसऱ्या बाजूला आमच्यापैकी कुणीतरी. सरांनी निदान उच्चारलं की आम्ही माना डोलवायचो, 'हो सर, मलाही तेच वाटलं.' एक दिवस हेमांगी सरळ सरांनाच म्हणाली, "सर, तुम्ही आधी बोललात की आम्हाला तेच दिसायला लागतं. मग दुसरं डोकं कशाला हवं? धाकट्याने आधी बोलायचं, असं करू या." आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. सर हसले. त्या दिवसापासून विभागात तोच रिवाज पडला.

आणि विभागात सगळ्यात धाकटा मी! माझी भाषा म्हणजे 'असं असू शकेल', 'तसंही वाटतंय', 'सरांनी बघावं'. एकदा एका तरुण मुलाच्या जठराचा तुकडा आला होता. हेमांगी समोर बसली होती. जठराच्या एका प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी फसव्या असतात. केंद्रक एका कडेला ढकललेलं, खडा बसवलेल्या अंगठीसारखं, आणि त्या अशा विखुरलेल्या की नजर सहज त्यांच्यावरून निघून जाते. मला त्या दिसल्या होत्या, पण शब्द बाहेर पडेना.

"कॅन्सर असू शकेल..."

"शकेल-बिकेल नको. पेशंट काय 'शकेल' घेऊन घरी जाणार? बोल."

"कॅन्सर आहे."

"हं," ती म्हणाली. तिचं 'हं' म्हणजे पसंतीची पावती. पेन काढून तिने स्लाइडवर त्या जागी हिरवा ठिपका दिला. तिचे ठिपके कायम हिरवेच असत.

पुढे ती ठाण्यातच शिकवायला राहिली, मी कल्याणला लॅब थाटली. अडलं की स्लाइड घेऊन तिच्याकडे जायचो. गेल्या वर्षी एके दुपारी ती उलट माझ्याकडे आली. वाळली होती. खिचडीही पोटात टिकत नाही म्हणाली. पर्समधून स्लाइडची डबी काढून माझ्यासमोर ठेवली.

"माझीच आहे. एंडोस्कोपी केलेली."

"तू बघितलीस?"

"बघितली. पण स्वतःचं आहे, माझ्या नजरेचा काय भरवसा? तू बघ."

माझ्या लॅबमधल्या दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर आम्ही समोरासमोर बसलो. तिने नेहमीप्रमाणे तिच्या बाजूचे दोन्ही आयपीस एकमेकांजवळ सरकवून घेतले, तिच्या डोळ्यांमधलं अंतर जरा कमी होतं. मी स्लाइड हलवत राहिलो. त्या पेशी मला लगेच दिसल्या. तरी मी हलवतच राहिलो, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, काहीतरी वेगळं सापडेल या वेड्या आशेने. सगळे 'शकेल' ओठांवर गोळा झाले होते.

"बोल," ती म्हणाली. "धाकटा आधी."

"हेमांगी, आपण अजून एकदा..."

"बोल रे. तू नाही बोललास तर मी कुणाकडे जाऊ?"

मी आयपीसवरून डोळे काढले नाहीत. "कॅन्सर आहे," म्हटलं.

"हं." तिने माझ्याच टेबलावरचं हिरवं पेन उचललं आणि काचेवर ठिपका दिला. तिचा हात स्थिर होता. "मलाही तेच दिसलं. चला, चहा सांग. आल्याचा, माझ्यासाठी अर्धाच." चहा पिताना ती बाळकुमच्या मासळीबद्दल आणि माझ्या सुटलेल्या पोटाबद्दल बोलत होती आणि मी हसतसुद्धा होतो. ती घरी निघून गेल्यावर दार लावून मी लहान पोरासारखा रडलो.

त्यानंतरचे महिने केमोथेरपीत गेले. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

माझ्या लॅबमध्ये तो दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप अजून आहे. समोरच्या बाजूचे आयपीस तिने सरकवले होते तसेच एकमेकांजवळ आहेत. अवघड स्लाइड आली की मी खोलीत एकटा असलो तरी निदान मोठ्याने बोलतो. 'शकेल' न लावता. बाहेर बसलेल्या रिसेप्शनिस्टला वाटतं, मी फोनवर आहे. बोलून झालं की जरा थांबतो... माझे केस पिकले, पण त्या खुर्चीत मी अजून धाकटाच आहे, आणि समोरून 'हं' येत नाही. मग रिपोर्टखाली सही करतो.