ग्लेनचा दाढीवाला

परवाच्या शनिवारी पहाटे सव्वाचारला, मिल्टनमधल्या आमच्याच ड्राइव्हवेवर, माझी लाल टिकली जप्त झाली. बावन्न वर्षांच्या आयुष्यात एअरपोर्टवर माझं लोणचं गेलंय, मेतकूट हुंगून परत मिळालंय... पण कपाळापर्यंत कोणाची मजल गेली नव्हती.

जप्ती आणणारा आमचा शेजारी ग्लेन. वय चौऱ्याहत्तर, छंद टर्की पक्ष्यांची शिकार. जंगली टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं म्हणे. म्हणून शिकारीच्या रानात हे तीन रंग अंगावर नकोत... लांबून दुसऱ्या एखाद्या शिकाऱ्याला तूच टर्की वाटशील!

मी निमूटपणे टिकली त्याच्या ट्रकच्या आरशावर चिकटवली. मग त्याने माझ्या पायांवर टॉर्च मारला. पांढरे मोजेही गेले, आणि बदल्यात त्याचे खाकी लोकरीचे मोजे मिळाले, जे मला गुडघ्यांच्या वर येत होते.

मी तिथे काय करत होते? तर, ग्लेनच्या खांद्याचं ऑपरेशन जूनमध्ये आहे. त्यानंतर बंदुकीचा धक्का खांद्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे हा शेवटचा सीझन... आणि एकट्याने रानात पाऊल टाकायचं नाही, असा दम रेजिना शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलीने फोनवर भरलाय.

दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. तीन वर्षं ग्लेन एकाच टर्कीच्या मागे होता. नराच्या छातीवर केसांचा एक झुपका असतो, त्याला दाढीच म्हणतात. या महाशयांची दाढी जमिनीला टेकते, असं ग्लेन सांगायचा.

मी काय करावं? गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'हा पक्षी फक्त ग्लेनच्या तोंडात राहतो आणि दर हिवाळ्यात त्याची दाढी दोन इंच वाढते.' सगळे खदखदून हसले. ग्लेननेही अंगठा टाकला... पण त्यानंतर त्या टर्कीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बर्फ मात्र आमच्याही ड्राइव्हवेवरचा काढत राहिला, त्याच दुखऱ्या खांद्याने.

म्हणून या वेळी मीच म्हटलं, मी येते. नवरा पांघरुणातून म्हणाला, "तीन तास गप्प? तू? मग टर्की नाही मिळाला तरी चालेल, एवढा चमत्कार पुरे."

ग्लेनच्या मित्राच्या शेतामागे मेपलचं रान आहे. एका झाडाला तो टेकून बसला, शेजारच्या झाडाला मी. समोर, नराला भुलवायला, प्लास्टिकची एक टर्कीण ठेवलेली. डास माझ्या कानांत घर बांधत होते आणि हलायची परवानगी नव्हती.

हळूहळू उजाडलं. जमिनीवरची ट्रिलियमची पांढरी फुलं एकेक करून दिसायला लागली. ग्लेनने एका लाकडी डबीवर झाकण घासलं आणि अगदी मादीसारखा आवाज काढला.

आणि कुठूनतरी उत्तर आलं... सगळं रान दचकेल असं. माझ्या पाठीमागचं झाडसुद्धा थरथरलं, असं मला वाटलं.

तो आला तेव्हा पावलांचा आवाज आलाच नाही. आधी आली ती एक घुमणारी थरथर, डग्ग्यावर तळहात घासत नेल्यासारखी. कानांना नाही, छातीला ऐकू आली. मग झाडांमधून तो बाहेर पडला आणि त्याने पिसारा उघडला. कोवळं ऊन त्यातून आरपार गेलं... तांबं, हिरवं, काळं, परत तांबं. डोकं खरंच लाल, पांढरं, निळं, आणि तेही क्षणाक्षणाला बदलणारं. माझ्या टिकलीची काय बिशाद!

दाढी? प्लास्टिकच्या बाईसाहेबांसमोर तो झुकला, तेव्हा ती जमिनीला टेकली.

वीस पावलांवर होता. ग्लेनच्या बंदुकीचा खटका सरकल्याचं मी ऐकलं. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं... "अगंबाई!"

पिसारा खाडकन मिटला. मान ताठ झाली, आणि एक काळाभोर डोळा थेट माझ्यावर. आता बार होणार... आता होणार...

झाला नाही. तो तसाच, अजिबात घाई न करता, ट्रिलियममधून चालत गेला. रान परत मिटलं.

मी रडवेली होऊन म्हटलं, "सॉरी ग्लेन. माझ्यामुळे गेला."

"तुझ्यामुळे?" ग्लेन हसत होता, पण डोळे ओले होते. "त्याने मान ताठ केली, तोच तर नेम धरायचा क्षण असतो. तू मला तो आयता दिलास."

"मग?"

त्याने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि म्हणाला, "तीन वर्षं हाच मला पहाटे उठवतोय. याला मारलं, तर पुढच्या मे महिन्यात मी कोणासाठी उठू? बघायला यायला खांदा लागत नाही."

मी उठून प्लास्टिकच्या बाईसाहेबांना काखेत मारलं.

ट्रकमध्ये मी आरशावरच्या टिकलीकडे हात नेला. ग्लेन म्हणाला, "राहू दे. इथे कोणी गोळी घालणार नाही."

घरी आल्यावर दारातच उभी राहून मी गल्लीचा ग्रुप उघडला. जुना विनोद पुसायला फार उशीर झाला होता. त्याखाली एवढंच लिहिलं, 'आज मी त्याला पाहिलं. वीस पावलांवरून. दाढी खरंच जमिनीला टेकते. ग्लेन खरं बोलत होता.'

ग्लेनने अंगठा टाकला.

पायांत अजून त्याचेच मोजे होते. ते धुऊन, वाळवून, काल सकाळी त्याच्या दाराच्या कडीला अडकवून आले... बेल न वाजवता.