बाईंचे हात आणि आमचे साडू

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मुलखात आमच्या साडूंइतका बोलणारा माणूस दुसरा झाला असेल, असं मला वाटत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे ते यजमान. सोलापुरात भवानी पेठेत राहायचे आणि घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे वर्ग चालवायचे. तिथं टायपिंग शिकायला आलेली पोरं टायपिंग तर शिकायचीच, पण साडूंच्या आत्याच्या कुर्डुवाडीतल्या रेल्वे क्वार्टरचं छत कुठं गळतं आणि आमच्या सासऱ्यांना कुठली गोळी लागू पडत नाही, हेही त्यांना तोंडपाठ व्हायचं. राँग नंबर आला तरी साडू फोन ठेवत नसत. "चुकून लागला म्हनून काय झालं? तुमी कुटलं?" असं विचारून गप्पा सुरू. अशाच एका चुकून लागलेल्या मंगळवेढ्याच्या माणसानं पुढं मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली आणि हे आक्कांना घेऊन आहेरासकट जाऊन आले.

कॉम्प्युटरशीही त्यांचं अखंड बोलणं चालायचं. पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ आली की आजारी जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा मॉनिटरवर हात फिरवत म्हणायचे, "असं का करायलास बाबा? सकाळी तर चांगला हुतास की." त्यांचा कीबोर्ड दाबताना करकरायचा, कारण भाकरी आणि शेंगाचटणी ते त्याच्यासमोरच बसून खात. लग्नकार्यात आम्ही सगळे पंगतीत असताना साडू व्हिडिओवाल्याच्या खांद्याशी उभे राहून ही फाइल दहा वर्षांनी उघडेल का, याचा हिशेब त्याला समजावून सांगत. माझ्या लग्नाच्या सीडीत पंचशील कमी आणि साडू जास्त ऐकू येतात.

अशा माणसाकडं एके दिवशी कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई आल्या. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. बाईंनी नोकरीच्या काळात एका जुन्या कॅमेऱ्यावर खुणांच्या भाषेतल्या कितीतरी गोष्टी आणि धडे स्वतः करून भरून ठेवले होते. शाळेत नवे कॉम्प्युटर आले आणि ते व्हिडिओ उघडेनात. कुणीतरी कुठलंसं सॉफ्टवेअर लावून ते बदलून दिले, तर त्यात बाईंची बोटं फणीच्या दात्यांसारखी फाटलेली दिसू लागली. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र एकाआड एक ओळींनी भरलेलं असतं. त्या ओळी नीट जुळल्या नाहीत की जे भरभर हलतं ते फाटतं, आणि खुणांच्या भाषेत भरभर हलतात ती बोटंच.

"बाई, मग पुन्हा नवे व्हिडिओ काढा की," मी म्हणालो.

बाईंनी पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. "हे आता माझं ऐकत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

साडूंना एक दुसरं सॉफ्टवेअर ठाऊक होतं, ज्यात बोटं अख्खी यायची. ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट वाटलेलं, आणि कसं लिहिलंय तेही सगळ्यांना बघायला आणि दुरुस्त करायला उघडं ठेवलेलं. पण कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता आणि नव्या कॉम्प्युटरवर ते चालूच होत नव्हतं. त्याचा शेवटचा सांभाळणारा फिनलंडमध्ये कुठंतरी होता आणि तो गप्प होता.

"तुम्ही नक्कल घेऊन दुरुस्त करा ना, सगळं उघडंच आहे तर," मी म्हटलं.

"अवो पाहुणं, मानूस जिता हाय. दार उगडं हाय म्हनून न इचारता घरात शिरायचं का?"

मग दर रविवारी त्या माणसाला एक ईमेल जाऊ लागली. मी ती वाचायचो. पहिल्या दोन ओळी सॉफ्टवेअरच्या आणि बाकी सगळी ख्यालीखुशाली. सोलापुरात ऊन किती आहे, आक्कांनी पापड कसे घातले, तुमच्याकडं बर्फ फार, तेव्हा आईच्या गुडघ्यांना जपा. आक्का म्हणायच्या, "सख्ख्या भावाला कधी चार ओळी लिवल्या न्हाईत ह्यांनी."

उन्हाळा सरून गेला. एका रविवारी उत्तर आलं. त्या माणसानं लिहिलं होतं, इतकी वर्षं लोक मला फक्त तक्रारी पाठवत होते, म्हणून कंटाळून मी ते सोडलं. माझ्या आईचे गुडघे खरोखरच दुखतात. आणि त्यानं त्या सॉफ्टवेअरचे सगळे अधिकार साडूंना देऊन टाकले. साडूंनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, ते कुणालाच कळलं नाही, पण घेतले सगळ्यांनी.

खरं काम त्यानंतरचं. पहिल्या प्रयत्नात बाई पूर्ण हिरव्या दिसल्या. दुसऱ्यात उलट्या. साडूंनी जुन्या सगळ्या कारागिरांना शोधून शोधून लिहिलं आणि त्यातले काही परत आले. ब्राझीलच्या एका बाईंनी हिरवा रंग घालवला. तेव्हापासून साडू त्यांना 'आपल्या ब्राझीलच्या वहिनी' म्हणू लागले. पण बोटं काही अख्खी होईनात. आणि मग एक दिवस आक्कांचा मला फोन आला. आवाज घाबरलेला.

"भाऊजी, लवकर या. हे बोलंनात. डॉक्टरला दावू का?"

मी गेलो तर साडू पडद्यावरच्या फाटक्या बोटांकडं बघत बसले होते. "पाहुणं," बऱ्याच वेळानं म्हणाले, "बाईंना हो म्हनलोय मी. त्यांचं हात परत कोन देनार?" बोलक्या माणसाची ती गप्प पाठ मला बघवेना. मीच त्यांच्या फोनवरून फिनलंडला निरोप धाडला. साडू आजारी आहेत, एवढाच.

दुसऱ्या दिवशी तो माणूस व्हिडिओ कॉलवर हजर. मागं आरामखुर्चीत त्याची आई. आधी आक्कांनी तिला नमस्कार केला, तिनं हात हलवला, मग साडू आणि तो कामाला लागले. ओळींची जोडी उलटी लागत होती. आधीची नंतर, नंतरची आधी. दुपारी साडू गल्लीत धावत आले आणि ओरडले, "बोटं आली! पाची बोटं आली!"

शाळेच्या हॉलमध्ये ते व्हिडिओ दाखवले तेव्हा बाईंची जुनी मुलं, आता स्वतः आईबाप झालेली, गावोगावहून आली होती. पडद्यावर तरुण बाई एका एसटीची गोष्ट सांगत होत्या. खड्डे, कंडक्टर, खिडकीतून उडालेली टोपी, सगळं हातांनी. सगळा हॉल हसून लोळत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंचे हात पदराखालून बाहेर आले आणि थरथरतच पडद्यावरच्या हातांबरोबर चालू लागले. मग मुलांनी साडूंना घेरलं. खुणांच्या भाषेत माणसाचं नाव बोटांनी लिहीत बसत नाहीत, त्याला त्याची अशी एक खूण देतात. मुलांनी साडूंना दिलेली खूण म्हणजे ओठांजवळ चार बोटं आणि अंगठा भराभर उघडायचा, मिटायचा. मला समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्यानंतर साडू दर शनिवारी त्या शाळेत जाऊन बसू लागले आणि हातांनीही तितकंच बोलायला शिकले. सॉफ्टवेअर आता चालतंय, त्याला नवे तरुण हातही मिळालेत. बाई गेल्या वर्षी गेल्या. आणि या उन्हाळ्यात साडू-आक्का पुण्याला मुलीकडं कायमचे राहायला गेले.

स्टेशनवर आम्ही सगळे नातेवाईक होतो. गाडीच्या गार डब्याच्या जाड काचेतून काही ऐकू जात नव्हतं. आम्ही बाहेरून ओरडत होतो, आक्का आतून कानाला हात लावत होत्या. पण शाळेतून बाहेर पडलेली चार-पाच तरुण मुलं आली होती आणि साडू काचेतून त्यांच्याशी निवांत बोलत होते, हातांनी, हसत, मधेच डोळे पुसत. गाडी हलली तरी हात चालूच होते. मग काच दिसेनाशी झाली.

मी त्यातल्या एकाला खुणेनंच विचारलं, शेवटी काय म्हणाले? त्यानं मोबाइलवर टाइप करून दाखवलं: "साडूंना गाडीवरून घरी सोड. नाहीतर उन्हात चालत जातील."

त्यांचा साडू म्हणजे मीच. मी त्याच्या मागं बसलो. भर दुपारच्या उन्हातून आम्ही माझ्या घराच्या वाटेवरच्या भवानी पेठेपर्यंत गेलो. साडूंच्या बंद दारासमोर त्यानं क्षणभर गाडी थांबवली. मीही उतरलो नाही.