सिंकखालचे पाय

महेश प्लंबर माझ्या सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय, आणि शेजारच्या काकू त्या पायांना उपदेश करत होत्या. मी टॉर्च धरून उभी होते.

महेशला कॅनडात काम मिळतंय. बायकोला आणि मुलीलाही नेता येईल. उद्यापर्यंत कळवायचं होतं, आणि त्याचं काही ठरत नव्हतं.

"इथं काय कमी आहे रे तुला?" काकू म्हणाल्या. "तिथली थंडी बायकोला झेपेल का? पोरगी मराठी विसरेल."

"तुमचा नातू बोलतो का काकू मराठी?" कपाटातून आवाज आला.

"त्याचं वेगळं आहे."

काकूंचा मुलगा परदेशी गेला तेव्हा आमच्या सगळ्या मजल्यांवर पेढे फिरले होते. आपला पोरगा विमानात बसला की ती प्रगती, आणि नळ दुरुस्त करणारा बसला की ती हाव. भाषा, थंडी, देश हे सगळं आम्हाला त्याच्या वेळी आठवतं. या मायेची मला चीड येते. तिच्या तळाशी घरातला गळका नळ असतो, आणि माझ्या मायेच्या तळाशीही तोच आहे.

महेश बाहेर आला. जाता जाता काकू म्हणाल्या, "जाणारच असशील तर आधी माझा गिझर बघून जा."

त्या गेल्यावर महेशने शांतपणे हात पुसले.

"ताई, आठवडाभर ठरत नव्हतं. आता घरी जाऊन हो म्हणून कळवतो. काकूंना गिझरसाठी दुसरा माणूस बघायला सांगा."