स्लॅबखालचा तास

लातुरात वीस वर्षं फिजिक्स शिकवलं की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. पोरं डॉक्टर होऊन निघून जातात, किस्से आमच्याकडंच राहतात!

भूकंपानंतरची तीन-चार वर्षं सरली होती. क्लासेसचं पेव फुटलं होतं, पण आमचा क्लास अजून पत्र्याच्या शेडमध्येच भरायचा. पालक यायचे ते निकाल विचारायचे. निलंग्याजवळच्या खेड्यातले युसूफभाई, धंद्यानं गवंडी, त्यांनी आधी वर बघितलं.

"पत्रे हायेत ना? मग ठिवा पोरीला. पण स्लॅबखाली बसवलं तर त्याच दिवशी घेऊन जाईन!"

पोरीचं नाव नाझिमा. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

*

वर्गात दाराजवळचे बाक आधी भरायचे. किनवटचा एक पोरगा तर खिडकीतून दप्तर टाकून जागा धरायचा.

म्हटलं, "अरे, तुझ्या किनवटला कुठं भूकंप झाला?"

"न्हाई झाला सर. पण शिकायला लातुरात आलोय ना!"

*

न्यूटनचा तिसरा नियम शिकवत होतो. आपण भिंतीला ढकललं की भिंतही आपल्याला तेवढ्याच बलानं ढकलते, हे पोरांकडून वदवून घ्यायचं होतं.

"समजा, मी या भिंतीला जोरात ढकललं. भिंत काय करील?"

सगळा वर्ग एका सुरात, "पडंल, सर!"

त्या दिवशी तिसरा नियम पुढं सरकला नाही.

*

चाचणीत प्रश्न होता: जडत्वाचं उदाहरण द्या. मार्क दोन. सगळ्यांनी एसटी लिहिली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, प्रवासी पुढं झुकला. गाईडमधून शब्दन् शब्द!

नाझिमानं लिहिलं होतं, "जमीन हलली. माळवदाच्या छतावरची दोन हात माती जागेवरच राहायला बघत होती. भिंतींना ते झेपलं नाही. आमच्या घरात आजी होती."

दोनपैकी दोन दिले. एसटीचं उदाहरण मीच वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, त्याची मला लाज वाटली. पुढचे पेपर तपासायला बराच वेळ लागला.

*

मग आमच्या क्लासच्या मालकांनी हॉल बांधला. स्लॅबचा! परीक्षेला दोन महिने राहिले होते. उद्घाटनाचा नारळ फुटला आणि दुसऱ्याच दिवशी युसूफभाई पोरीची पेटी न्यायला हजर.

मालक समजावू लागले, "अहो, इंजिनिअरचं डिझाइन हाय. सळई बघा, सिमेंट बघा..."

"ते ऱ्हाऊ द्या. आमच्यात स्लॅब वाळल्यावर खालच्या आधाराच्या फळ्या काढतानी गवंडी स्वतः खाली उभा ऱ्हातो. इथं कोण हुतं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी फळा पुसायला घेतला.

नाझिमा आत आली, दारापासून सगळ्यात लांबच्या बाकावर बसली आणि वही उघडली.

"अब्बा, पेटी ऱ्हाऊ द्या. मी बसते."

युसूफभाई उंबऱ्यात उभे राहिले. स्लॅब बघितला, कोपरे बघितले, पोरीकडं बघितलं. मग चपला काढल्या, आत आले आणि तिला लागूनच बाकावर बसले.

"शिकवा, सर. पडला तर दोघांवर पडंल."