गाऱ्हाण्याचं उत्तर

“लिव्हरमध्ये सेकंडरीज आहेत,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे पोटातला कॅन्सर यकृतात पसरलेला. “आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दुखणं कमी ठेवू.” मी विचारलं, मोसंबीचा रस दिला तर चालेल का? अशा वेळी माणूस काहीतरीच विचारतो.

अंधेरीच्या त्या मिशनच्या हॉस्पिटलात दिवस नुसते सरकत होते. यांच्या पोटात पाणी साठायचं, त्याला असायटिस म्हणतात. सुईने काढायचे, पुन्हा साठायचं. बाकड्यावर बसून मी कंटाळले होते. हो, कंटाळले. हे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

यांचा एकच धोशा होता. “गाऱ्हाणां घालूक व्हया. देवाक सांगल्याशिवाय मी जातलंय कसो?” गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने केलेली विनवणी. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. पण संपात गिरणी बंद पडली आणि चाळीतली जाणती माणसं गावी निघून गेली. घालणार कोण?

हॉस्पिटलचे फादर खाटेपाशी आले तेव्हा मी पदर खोचून आडवी उभी राहिले. “आम्हाला नको हां काही!” तर ते यांना म्हणाले, “काय मेस्त्री, खयचे तुमी?” फादर यांच्याच मुलखातले, वेंगुर्ल्याचे निघाले. कितीतरी दिवसांनी हे पोटभर बोलले.

“गाऱ्हाणं मी लहानपणी ऐकलंय,” फादर मला म्हणाले, “पण ते तुमच्यातल्या कोणी घालावं.” मी देवळातल्या जोशीगुरुजींना आणलं. तेही सरळ माणूस. “वहिनी, मी देशावरचा. मंत्र म्हणेन, हे मला येत नाही हो.”

मग दोघे व्हरांड्यात बसले. फादर मालवणी सांगतायत, गुरुजी पाठ करतायत. मला हसू आलं आणि रडूही.

संध्याकाळी गुरुजींनी नारळ ठेवून सुरुवात केली. फादर, नर्सबाई, शेजारचे पेशंट, सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणत होते. गुरुजी “ह्येका बरो कर” म्हणाले, तशी यांनी मान हलवली. “बरो नको. मोकळो कर म्हणा.”

गुरुजींनी फादरकडे पाहिलं. फादरनी मान डोलावली.

“चुकला-माकला पोटात घाल, आणि ह्येका मोकळो कर रे महाराजा!”

कोणीच उत्तर देईना. “हे तुम्हीच म्हणायचं, वहिनी,” फादर हळूच म्हणाले.

मला ते म्हणायचं नव्हतं. म्हटलं तर मीच यांना धाडल्यासारखं झालं असतं. पण हे माझ्याकडे बघत थांबले होते.

“व्हय महाराजा,” मी म्हटलं. यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला.

त्याच आठवड्यात हे गेले. ते दोघे स्मशानापर्यंत आले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आपल्या माणसाला काय हवंय ते विचारायला येणाऱ्याला अडवू नका. उत्तर मात्र तुम्हालाच द्यावं लागतं. बसक्या आवाजात दिलं तरी आपल्या माणसाला ऐकू जातं.