ताईसाठी नेलेली कादंबरी आणि कुंटालाच्या पायऱ्या

दसऱ्यानंतर चार दिवसांची रजा मिळाली आणि मी ताईकडे, तेलंगणातल्या बेल्याला, जायचं ठरवलं. बॅग भरायला एक संध्याकाळ पुरली. कादंबरी निवडायला तीन गेल्या.

सुट्टीतली कादंबरी हलकी हवी, पण पोकळ नको. पहिल्याच प्रकरणात कुणी मरू नये. माणसं पाच-सहाच असावीत, आणि प्रकरणं लहान असावीत, म्हणजे मध्येच कुणी चहाला हाक मारली तरी धागा सुटत नाही. ताईसाठी अक्षर मोठं हवं, ही आणखी एक अट. यवतमाळला असताना वाचनालयातून तिची पुस्तकं मीच निवडून आणायचे. तिचं लग्न झाल्यावरही दर भेटीला एक पुस्तक न्यायचंच, हे ठरलेलं. शेवटी कोकणातल्या एका खानावळीतून पाहुणा नाहीसा होतो, अशी एक गोष्ट मिळाली. दोन पानं दुकानातच वाचली आणि ताई यात बुडून जाणार याची खात्री पटली.

नागपूरहून आदिलाबादची बस सकाळी सहाची घ्या, ऊन चढायच्या आत पोचता. तिकीट तीनशेच्या आत. पांढरकवड्याला गाडी चहापुरती थांबते. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, बोलणं मात्र बराच वेळ आपलंच राहतं. आदिलाबादहून बेल्याची बस. दोन्ही बाजूंना कापूस, बोंडं नुकती उकलू लागलेली. स्टँडवर भाऊजी मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांचं किराणा दुकान आहे, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी आधी त्यांच्याकडे येते.

"जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, माहीत हाय ना?" ते म्हणाले. "आमी आदिलाबादातच राह्यलो. पण कचेरीतली माणसं चौकडे वाटून राह्यले."

घरी ओसरीवर ताई बसली होती आणि तिच्या शेजारी तिशीतली एक बाई, हातात चहाचा कप. ताईनं माझं पुस्तक घेतलं, मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि ते फ्रीजवर ठेवलं.

"मंग पाहू. आता रेवतीची चालू हाय."

रेवती मंडल कचेरीत, म्हणजे आपल्याकडच्या तहसिलीत, कारकून. बेल्लमपल्लीची, वडील कोळशाच्या खाणीत. चार वर्षांपासून ताईच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती आणि मराठी ताईकडूनच शिकली होती. ती तेलुगू कादंबऱ्या वाचायची आणि रोज चहाच्या वेळी ताईला एक प्रकरण मराठीत सांगायची. सध्याच्या गोष्टीत राजमंड्रीतली एक नर्स नव्या खोलीत राहायला येते आणि दर शुक्रवारी आधीच्या भाडेकरणीच्या नावानं पत्र येतं. चार प्रकरणं उरली होती. पण रेवतीचं नाव नव्या मंचिर्याल जिल्ह्याच्या यादीत निघालं होतं आणि सोमवारी तिला बेल्लमपल्लीत हजर व्हायचं होतं.

"अक्का, उद्या जाता-जाता दोन सांगतो," ती म्हणाली.

अक्का. आणि तिचं 'सांगतो', बायकाही म्हणतात ते वऱ्हाडी 'सांगतो', हुबेहूब ताईचं होतं. माझ्या बोलण्यातून ते नागपुरात कधीच गळून गेलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही तिघी कुंटाला धबधब्याला निघालो. आदिलाबादहून निर्मलची बस घ्यायची, नेरेडिगोंड्याला उतरायचं आणि तिथून रिक्षा जाऊन-येऊन ठरवायची. परत येताना वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. खाली उतरायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पाऊस संपून थोडेच दिवस झालेले, त्यामुळे पाणी भरपूर होतं. कुर्त्याच्या बाह्या ओल्या होतील इतके तुषार अंगावर येत होते.

मला मात्र पाण्यापेक्षा त्या दोघीच दिसत होत्या. गुडघ्यांमुळे ताई दर वळणावर बसायची, आणि ती बसली की रेवती सुरू व्हायची. "मंग त्या नर्सनं पाकीट वाफेवर धरलं, अक्का..." ताईचं तोंड अर्धवट उघडं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. यवतमाळच्या घरात तो मी आणलेल्या पुस्तकांमुळे व्हायचा.

मग मी जे केलं ते सांगते. रेवतीनं तोंड उघडलं की मी फोटोसाठी दोघींना उठवायची. जेवताना रेवतीचा पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, ताईनं दुसऱ्यांदा मागून घेतला, तेव्हा मी चुलत भावाच्या घटस्फोटाची बातमी काढली. परतताना रिक्षात मुद्दाम दोघींच्या मध्ये बसले आणि बेल्यापर्यंत बोलत राहिले. नर्स दाराच्या कडीवर हात ठेवून उभी, तिथंच गोष्ट थांबली.

रात्र आणि सकाळ बांधाबांधीत गेली, आणि रविवारी दुपारी रेवती पत्र्याची पेटी घेऊन बसमध्ये चढली. ताई खिडकीखाली उभी. "शेवटचं राह्यलंच," ती म्हणाली. रेवतीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "फोनवर सांगतो, अक्का."

घरी आल्यावर भाकरी थापता थापता ताईनं विचारलं, "काऊन केलं वं तसं?"

मी काय केलं, असं म्हणणार होते. पण म्हटलं, "मी तीन संध्याकाळी घालवून पुस्तक निवडलं. तू उघडलंही नाहीस."

"उघडून काय करू?" तिनं हाताचं पीठ झटकलं. "डोळ्यातून पाणी येते. चष्मा बदलला, तरी अर्ध्या पानावर अक्षरं पळतात. मागची दोन पुस्तकं बी तशीच हायत. तुले सांगतलं असतं तर तू आणणं बंद केलं असतं."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती उलटली. जेवण झाल्यावर फ्रीजवरचं पुस्तक काढलं आणि पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. अडखळत वाचलं. ताई मध्ये दोनदा "मंग?" म्हणाली.

आता नागपुरात दर रविवारी मी फोनवर तिला एक प्रकरण वाचून दाखवते. इतकी वर्षं तिला पुस्तकं देत आले, पण वाचून कधी दाखवलं नव्हतं. या प्रवासातून माझ्याकडे राहिलं ते हे. धबधब्याचे फोटोही आहेत, पण सगळ्या फोटोंत रेवती आणि ताई बोलता बोलता थांबलेल्या दिसतात, म्हणून मी ते इथे टाकलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात बेल्लमपल्लीहून मेसेज आला. 'पाहुणा सापडला का? अक्का सांगत नाही. म्हणते, बहिणीनं अजून वाचलं नाही.' ताई माझी कादंबरी तिला सांगत होती.

मी रेवतीला फोन केला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. मले तं मोठी बहीणच नाही." मग मी त्या नर्सचं काय झालं ते विचारलं, आणि रेवतीनं उरलेली गोष्ट एका दमात सांगितली. भाजी गॅसवरून उतरवायचंही मला सुचलं नाही.

ती फार छान सांगते. हे लिहिणं मला अजूनही जड जातं.