ज्वारी निवडायचा अर्धा तास

सरपंच झाले आणि माझं डोकं थांबेना. पाटोद्याजवळचं छोटं गाव आमचं, पण टँकर आला नाही, घरकुलाच्या यादीत नाव नाही, शाळेची भिंत खचली, सगळं माझ्याच फोनवर यायचं. सही मात्र धाकटे दीर दाखवतील तिथं. तव्यावर भाकरी करपायची, कुणी हाक मारली तरी मी दचकायचे. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी बीपी मोजलं. म्हणाल्या, "गोळी देते, ताई. पण रोज थोडा वेळ कुणाचंच ऐकू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बंद केला आणि ओट्यावर सूप घेऊन बसले. दळणाची ज्वारी निवडायची, एका वेळी एकच मूठ. खडा काढायचा, काडी काढायची. मन टँकरकडे पळालं की परत मुठीकडे बघायचं.

सासूबाई म्हणाल्या, "मी निवडते की. तू कशाला बसतीस?"

"मलाच बसायचंय, आत्या."

नवरा म्हणाला, "सरपंचाचा फोन बंद. लोक काय म्हणतील?"

"सरपंच ज्वारी निवडती म्हणतील."

पहिले काही दिवस कान फोनकडेच होते. मग एका सकाळी लक्षात आलं, अर्धं सूप संपलं होतं आणि मधे मी कुठंच गेले नव्हते.

त्याच सुमारास दीर कागद घेऊन आले. "वैनी, सही करा. गाडी चालूच ठेवलीय."

"बसा भाऊजी. एवढं होऊ द्या."

ते उभेच राहिले. मी हातातलं संपवलं, पदराला हात पुसले आणि कागद वाचायला घेतला. आधी कधी वाचलाच नव्हता. डोक्यात इतका गोंगाट असायचा की अक्षरं डोळ्यांवरून नुसती सरकायची. ठराव वस्तीवरच्या बोअरचा होता. ग्रामसभेत ठरलेला. पण खाली गट नंबर आमच्या शेताचा.

"हे आपलं शेत हाय."

"मग? पाणी कुणालाबी लागतंच की."

"बोअर वस्तीवर ठरलाय. मी सही करणार न्हाई."

"लई शहाण्या झालात. खुर्चीवर बसवलं कुणी तुमाला?"

"मतं दिली त्यांनी."

त्यांनी सुपाला लाथ मारली. ज्वारी अंगणभर झाली. नवरा दारातच उभा होता. मी रडेन असं दोघांनाही वाटलं असावं. मी खाली बसले आणि एकेक दाणा गोळा करायला लागले. दीर निघून गेले.

बोअर वस्तीवरच झाला. दीर तेव्हापासून बोलत नाहीत. सदस्यांच्या सह्या गोळा करतायत म्हणे, अविश्वास ठराव आणणार. आणू देत. मी सभेला जाणार, पुढच्या खुर्चीवर बसणार, आणि समोर येईल तो कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचणार.